वारसा आणि वर्गणी

गेल्या पावसाळ्यात चित्रपटशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला तिच्या पदविका-चित्रपटासाठी लिहिलेले वर्गणीचे आवाहन वाचायला पाठवले. वीस मिनिटांचा भयपट, स्थळ दक्षिण रत्नागिरीतले तिच्या पणजोबांचे घर, अपेक्षित रक्कम अडीच लाख. जून ते ऑगस्ट या काळात त्या आवाहनाचे तीन खर्डे माझ्याकडे आले. पटकथा मी वाचलेली नाही. या लेखाचा विषय ते तीन खर्डेच आहेत. आवाहन हाही एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा आपल्याकडे कोणी करत नाही.

पहिला खर्डा परसातल्या विहिरीपासून सुरू होत होता. पणजोबांच्या धाकट्या भावाची बायको सोळाव्या वर्षी विधवा झाली. चौदा वर्षे तिने त्या घराचा स्वयंपाक केला आणि १९५१ साली एका सकाळी ती विहिरीत सापडली. त्याआधीच्या आठवड्यात एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. तेव्हापासून दिवेलागणीनंतर त्या विहिरीवर कोणी पोहरा सोडत नाही. घरातली म्हातारी माणसे तिला ‘लावसट’ म्हणत. दीड पानाचा मजकूर, विशेषणे जवळजवळ नाहीत. वाचून मी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या खर्ड्यात अंगठा नव्हता. तिसऱ्यात विहीर होती, पण तिच्यातली बाई आता ‘पिढ्यान्‌पिढ्या घराचे रक्षण करणारी शक्ती’ झाली होती, आणि ‘कोकणचा समृद्ध वारसा’ हे शब्द चार वेळा आले होते.

या बदलाला मी आधी लेखनातली कच खाणे समजलो. पण कारण अर्थव्यवहाराचे होते. विद्यार्थ्याच्या चित्रपटाला पहिले पैसे देतात ते नातेवाईक. पहिला खर्डा घरच्यांच्या गटात फिरला. डोंबिवलीच्या काकांनी पंचवीस हजार कबूल केले होते, ते ‘जरा थांबू’ म्हणाले. अमेरिकेतल्या आत्याने विचारले, की हे सगळे चव्हाट्यावर कशाला? मुलगी मला म्हणाली, “सर, मी खोटं काहीच लिहिलं नाही. फक्त कमी लिहिलं.”

कमी लिहिले म्हणजे नेमके काय गेले, हे पाहण्यासाठी ‘लावसट’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या, आणि ती सामग्री पुढे एन्थोवेन यांनी संपादित केली. तिचा कोकणावरचा भाग १९१५ साली निघाला. त्यातली भुतांची यादी गमतीने वाचली जाते. मला ती गावदप्तरासारखी वाटते. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. मुंज होऊन लगेच मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा. निपुत्रिक राहून, मालमत्तेतून जीव न सुटता मेलेला तो समंध. जात कोणती, लग्न झाले होते का, मूल होते का, मागे काय उरले, हे सारे भुताच्या नावातच नोंदलेले असते. जिवंतपणी ज्याची नोंद नीट झाली नाही, त्याची ही मेल्यानंतरची नोंद.

मराठीत ‘वारसा’ हा शब्द दोन कामे करतो. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत तो अभिमानाचा असतो. तलाठ्याच्या कचेरीत हिश्शाचा. हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर निदान हयातीपुरता हक्क देणारा कायदा १९३७चा, पूर्ण मालकी देणारा १९५६चा. या दोन सालांच्या मधोमध १९५१ येते. तो कागद कसला होता हे मुलीला ठाऊक नाही, आणि मी तर्क करणार नाही. पण भयपटाला लागतो तो दुसऱ्या अर्थाचा वारसा, आणि वर्गणी मिळते ती पहिल्या अर्थावर. तिसऱ्या खर्ड्यातली राखणदार बाई कोणाकडे काही मागत नाही. मग तिला घाबरायचे कशाला?

‘तुंबाड’चे (२०१८) उदाहरण इथे टाळता येत नाही. गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे आपल्या ओळखीचे. हस्तर मात्र राही अनिल बर्वे यांनी रचलेला. त्या चित्रपटातला विनायक वाड्याच्या मालकाचा अनौरस मुलगा आहे, हे प्रेक्षक सोन्याच्या मुद्रांच्या नादात विसरतात. त्याला जे हवे ते लोभाचे आहेच, पण नाकारलेल्या हिश्शाचेही आहे. पैसा उभा राहायला काही वर्षे गेली, २०१२चे चित्रीकरण २०१५मध्ये पुन्हा करावे लागले. पण पैसे घालणाऱ्यांत वाड्याचे वारस नव्हते.

बाहेरचे पैसे या बाबतीत सोपे असतात. सॅम रायमीने १९७८ साली ‘विदिन द वूड्स’ हा छोटा भयपट नमुना म्हणून काढला, तो लोकांना दाखवून ‘द इव्हिल डेड’साठी पैसे जमवले. फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याचा अंकुर वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली, तीही पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणूनच. (दोघांनीही आवाहन लिहिण्याऐवजी वस्तूच समोर ठेवली, आजच्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो आणि ते ऐकत नाहीत.) जेनिफर केंटने ‘द बाबाडुक’च्या नेपथ्यासाठी २०१२मध्ये लोकवर्गणीतून तीस हजार डॉलर जमवले, मुख्यतः अनोळखी माणसांकडून. माझ्या मांडणीला छेद देणारे उदाहरण आपल्याच देशातले आहे: ‘मंथन’ (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या चित्रपटात त्यांच्याच गावातला जातीचा ताण उघड दिसतो. पण दोन रुपयांचा वर्गणीदार पटकथा मागत नाही. पंचवीस हजारांचा काका मागतो, आणि दिवाळीला तो घरी येणार असतो.

इतके लिहिल्यावर माझा हिशेबही द्यायला हवा. वीस वर्षांपूर्वी मी अशाच एका दिवाळी अंकात आमच्या आजोळच्या ‘माडीवरच्या बाई’वर खुसखुशीत ललित लेख लिहिला होता. रात्री पावले वाजतात, मांजर बिचकते, मामा घाबरट, वगैरे. लेखाचे कौतुक झाले. त्या बाईला माडीवर कोणी आणि किती वर्षे कोंडले होते हे मला ठाऊक होते. आई हयात होती, म्हणून लिहिले नाही. वर्गणीसुद्धा मागायची नव्हती मला. तेव्हा या मुलीला भित्री म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तिने निदान एक खर्डा लिहिला.

तरीही समीक्षक म्हणून सांगतो: तिसरा खर्डा वाईट आहे आणि पहिला चांगला. मी तिला हे कळवले, आणि काकांचे पैसे परत करून पहिल्या खर्ड्यावर जेवढे जमतील तेवढ्यात स्वयंपाकघराचा एकच प्रसंग चित्रित कर, असे सुचवले. तिचे उत्तर आले, की कॅमेऱ्याचे भाडे आगाऊ भरले आहे. ते खरे असणार. मग मीही दोन हजार भरले.

एक हजाराच्या वर देणाऱ्यांना भेट म्हणून घराण्याची वंशावळ छापून पाठवायची होती; माझी प्रत दसऱ्याला आली. चांगल्या जाड कागदावर, नऊ पिढ्या, कडेला आंब्याच्या पानांची वेलबुट्टी. पणजोबांच्या शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. त्याच्याखाली रेघ नाही, बायकोचे नाव नाही. जुन्या प्रतीतला एकच शब्द तसाच उतरवला आहे: निर्वंश.