ख्रिस्तागमनाची प्रतीक्षा आणि मराठी वाङ्मय

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपले समीक्षक बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतात. परक्या धर्माचा आशय ओवी-अभंगांत कितपत मुरला, हा एक; आणि धर्मांतराने कवीच्या प्रतिभेचे काय केले, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्या धर्माच्या अगदी गाभ्याशी असलेली एक कल्पना मराठीत कशी अवतरली, किंवा कशी अवतरू शकली नाही, याचा शोध या दोन प्रश्नांनी लागत नाही. ख्रिस्त पुन्हा येणार आहे, त्याच्या येण्याचा दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणून भक्ताने अखंड सज्ज राहून जगावे, ही ती कल्पना होय. जेथे वाट पाहणे हाच धर्म होतो तेथे त्या वाट पाहण्याला भाषा लागते. ती भाषा मराठीत कोठे सापडते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अडचण कोठे आहे हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मराठी भक्तीच्या मध्यवर्ती चित्रात वाट पाहणारा भक्त नसून देव आहे. पुंडलिकाने विटेवर उभा केलेला विठ्ठल अठ्ठावीस युगे तिष्ठत आहे. चालत जावयाचे ते वारकऱ्याने. देव येणार की नाही, ही चिंता वारीत नाही. आपण पोहोचू की नाही, ही आहे. विरहाचे उत्कट काव्य आपल्याकडे आहे. ज्ञानदेवांच्या विराण्या आहेत, आणि सासरी निघालेल्या मुलीसारखे मागे वळून पाहणारे तुकोबांचे मन आहे. परंतु हा विरह काळाच्या एका बिंदूकडे तोंड करून उभा नसतो. तो आज मिटू शकतो, पुन्हा उद्भवू शकतो, आणि शेवटी भक्ताच्याच अंतरात त्याचा निकाल लागतो. ख्रिस्ती प्रतीक्षा निराळी आहे. ती इतिहासाकडून काही मागते. ज्या दिवसाची वाट पाहावयाची तो एकट्या भक्ताचा नसतो. तो सर्व जगाचा, न्यायाचा आणि नवनिर्मितीचा दिवस असतो. विराणीची भाषा या दिवसाला पुरत नाही.

मग भाषांतरकारांनी काय केले? मराठी बायबलच्या भाषेत या भावनेभोवती जे शब्द जमले त्यांतील तिघांकडे मी मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. पहिला 'सिद्ध'. भोजन सिद्ध आहे, सैन्य सिद्ध झाले, या प्रयोगांत त्याचा अर्थ केवळ तयार एवढाच. पण सिद्ध पुरुष म्हटले की साधना संपवून बसलेला, पूर्णत्वाला पोहोचलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. सुवार्तेला अभिप्रेत असलेली सिद्धता नेमकी याच्या उलट आहे. ज्याला आपण पोहोचलो असे वाटले तोच झोपी जातो. सिद्ध हा शब्द एका हाताने ग्रीक अर्थ देतो आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेतो. मराठी धर्मोपदेशात या सिद्धतेचा अर्थ पुष्कळदा नैतिक निर्दोषतेकडे झुकतो, त्याला हा शब्दही काही अंशी कारण असावा असे मला वाटते.

दुसरा शब्द 'सावध'. दहा कुमारींचा दृष्टांत हा लग्नघरचा दृष्टांत आहे, आणि मराठी कानाला 'सावधान' हा शब्द लग्नमंडपातच प्रथम ऐकू येतो. तो ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची आख्यायिका मराठी मुलाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. आपल्याकडे सावध होणे म्हणजे संसारातून निसटणे. दृष्टांतातल्या कुमारींना मात्र सावध राहून मंडपाशीच थांबावयाचे आहे, दिव्यात तेल घालीत. या विरोधातून केवढे तरी काव्य निघाले असते. ते कोणी काढल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

तिसरा प्रयोग 'सामोरे जाणे'. तो मराठीचा विजय आहे. मूळ ग्रीकात येथे अपान्तेसिस हा शब्द आहे. दृष्टांतात वराला भेटावयास निघालेल्या कुमारींसाठी तो येतो, आणि थेस्सलनीकेच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रभूच्या आगमनासंबंधीही तोच येतो. एखादा राजपुरुष नगराकडे येत असता नागरिकांनी वेशीबाहेर जाऊन त्याला सन्मानाने आत आणावे, असा त्याचा त्या काळचा रूढ अर्थ होता. इंग्रजी भाषांतरात नुसती भेट उरते. मराठीत मात्र सामोरे जाण्यात वेस आहे, वाजंत्री आहे, घरातून बाहेर पडणे आहे आणि पाहुण्यासह पुन्हा घरी येणे आहे. सीमांतपूजन पाहिलेल्या वाचकाला या शब्दावर टीप लागत नाही. ख्रिस्तागमन म्हणजे या जगातून पळ काढणे नव्हे, त्याला या जगात घेऊन येण्यासाठी बाहेर पडणे होय, हा अर्थ पाश्चात्त्य पंडितांना पुष्कळ खल करून सिद्ध करावा लागला. मराठीत तो क्रियापदातच होता.

शब्द असे हाताशी असता वाङ्मयात त्यांचे काय झाले? फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. त्याचे दोन भाग प्रतीक्षा आणि आगमन असे जणू तोलूनच रचलेले आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून चालते. दुसऱ्यात तो येतो. वैकुंठासारखा शब्द न बिचकता वापरणाऱ्या या इंग्रज जेझुइटाने वाट पाहणे मराठी ओवीत प्रथम आणले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याची प्रतीक्षा भूतकाळातील आहे. ती पूर्वजांची असून सफल झालेली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्याला पुराणांची उणीव भासू नये, हा त्याचा हेतू. आणि पुराण घडून गेलेले सांगते. घडावयाचे आहे त्याच्यासाठी पुराण हा घाट फारसा सोयीचा नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळण्यापूर्वी मी राहतो त्या प्रदेशाविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही, कारण टिळकांच्या ख्रिस्ती जीवनाचा आरंभ याच लोहमार्गावर झाला. छत्तीसगडात प्रतीक्षेची एक कथा मिशनऱ्यांच्या नावाने सांगितली जाते. टोपी घातलेला एक गोरा मनुष्य ग्रंथ घेऊन येईल, असे गुरू घासीदासांनी आपल्या सतनामी अनुयायांना सांगून ठेवले होते, अशी आख्यायिका येथील ख्रिस्ती वस्त्यांत रुजली. इतिहास म्हणून तिचे मोल संशयास्पद आहे. आलेल्यांनी आपल्या येण्याला मागाहून जोडलेली ती भविष्यवाणी असावी, हा तर्क सहज सुचतो. तथापि आपण ज्याची वाट पाहत होतो तोच आला, असे म्हणण्याची ओढ किती बलवत्तर असते ते तिच्यावरून कळते. १८६८ साली आलेल्या ऑस्कर लोर या मिशनऱ्याने रायपूरपासून फार दूर नसलेल्या आपल्या वसाहतीला विश्रामपूर असे नाव दिले. जागत राहण्याची आज्ञा देणाऱ्या धर्माची वसाहत, आणि नाव विश्रामाचे! लोरला यातील विनोद जाणवला असेल की नाही कोण जाणे.

रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगाव आहे. १८९३ साली नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून तेथे निघालेल्या टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती काव्याचा सर्वांत मोठा कवी मुदत घालून दिलेल्या भाकितातून जन्मला, आणि ते भाकीत खरेही ठरले. असे असता मुदतीची, येणाऱ्या दिवसाची जाणीव त्याच्या काव्यात इतकी क्षीण का असावी?

टिळकांच्या अभंगांत तहान आहे, आणि ती अस्सल आहे. ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणण्याचे धैर्य आहे. प्राप्ती जितकी अधिक तितकी आस अधिक, हा अनुभव त्यांनी तुकोबांच्या वाटेनेच गाठला. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असे नेहमी म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण पुलावरून काय येऊ शकते आणि काय येत नाही, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. विरह पलीकडे गेला; अखेरचा दिवस अलीकडेच राहिला. टिळकांचा ख्रिस्त आलेलाच आहे. तो अंतरात आहे, फक्त जीव त्याच्यात पुरेसा बुडालेला नाही. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तोही आजच, येथेच भरलेला दरबार होता. हे न्यून म्हणावे की निवड? मला वाटते, निवड. परंतु तिची किंमत मराठी ख्रिस्ती काव्याने पुढे दीर्घकाळ दिली. उपासनासंगीतात टिळकांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. उपासक जे गातो तेच अखेर मानतो. म्हणून मराठी मंडळीच्या ओठांवर मीलनाची भाषा रुळली, आणि न्यायाच्या दिवसाची आशा पत्रकांच्या हवाली झाली. जगाच्या अंताची तारीख काढून देणारी ही पत्रके सर्व भाषांत असतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी शेतातले उभे पीकही काढले नाही. दिवस उजाडला आणि मावळला. तारीख काढणारा मनुष्य वाट पाहतच नसतो, तो हिशेब करीत असतो.

या पत्रकांपेक्षा निराळे असे काही केडगावला घडले. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जी धार्मिक जागृती झाली तिच्यात रडणे होते, रात्र रात्र प्रार्थना होती, अंतिम काळ जवळ आल्याची भावनाही होती. त्या जागृतीची वर्णने वाचताना आजचा सुशिक्षित वाचक थोडा संकोचतो, मीही संकोचतो. परंतु त्याच वर्षांत त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याच्या उद्योगाला लागल्या होत्या, हे विसरता कामा नये. सुमारे अठरा वर्षे तो चालला. आश्रमातल्या स्त्रियाच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द टाळावे, घरकाम करणाऱ्या बाईला वाचता येईल असे मराठी लिहावे, ही रमाबाईंची दृष्टी. वाङ्मयीन डौलाची हानी त्यांनी जाणूनबुजून पत्करली. काही ठिकाणी वाक्ये खडबडीत झाली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या दिवसाची वाट पाहावयाची तो अशिक्षित परित्यक्तेचाही असेल तर त्या दिवसाचा निरोप तिच्या भाषेत असला पाहिजे, एवढा साधा आणि कठोर विचार त्यामागे दिसतो. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्या मुद्रितांचे काम हातावेगळे करून. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. प्रभू लवकरच येणार असे मानणाऱ्या स्त्रीने अठरा वर्षांचे काम अंगावर घ्यावे, यात विसंगती नाही. दिवस जवळ आला म्हणून हातातले काम टाकून बसणाऱ्यांना पौलानेही दुसऱ्या थेस्सलनीकाकरपत्रात फटकारलेच होते.

तथापि सर्जनशील वाङ्मय म्हणून प्रतीक्षेचा सर्वांत सच्चा मराठी ग्रंथ मला विचाराल तर मी 'स्मृतिचित्रे' पुढे करीन. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यात ख्रिस्तागमनाची मीमांसा केलेली नाही. तसला आव त्यांच्या स्वभावातच नव्हता. परंतु ग्रंथाच्या आरंभापासून एक घर कोणाची तरी वाट पाहत आहे. टिळक न सांगता जातात, केव्हा येतील याचा नेम नसतो, येतात तेव्हा अवचित येतात आणि पुष्कळदा सोबत भुकेली माणसे आणतात. घरात जे काही असेल ते दिले जाते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरचा ताटातुटीचा काळ तर केवळ प्रतीक्षाच आहे. धनी दूर देशी गेला आहे आणि केव्हा परतेल ते सांगून गेलेला नाही, या सुवार्तेतल्या दृष्टांताचा आतला भाग, दासांच्या बाजूचा, ज्याविषयी मूळ दृष्टांत जवळजवळ मौन पाळतो, तो येथे शेकडो पृष्ठे उलगडला आहे.

आणि त्यात राग आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. लक्ष्मीबाई वाट पाहतात, चिडतात, हसतात, कांगावा करतात, पुन्हा चूल पेटवतात. प्रवचनांतली सज्जता बहुधा गुळगुळीत असते. वाट पाहणाऱ्याला कंटाळा येतो, येणाऱ्यावर त्याचा जीव जळतो, हे तेथे येत नाही. स्तोत्रकर्त्यांना मात्र ते माहीत होते. आणखी किती काळ, असे ते देवालाच विचारतात. दृष्टांतातल्या दहाही कुमारींना झोप लागली होती, शहाण्यांनासुद्धा. फरक होता तो फक्त तेलाचा. लक्ष्मीबाईंचे गद्य हे त्या तेलाचे गद्य आहे. विनोद हा त्यांचा अलंकार नव्हे. उशीर करणाऱ्यावरची श्रद्धा न सोडता त्याला बोल लावण्याची ती त्यांची रीत आहे. देवाला अशा स्वरात बोल लावणारा मराठी ख्रिस्ती कवी निघाला असता तर टिळकांनी पुलाअलीकडे ठेवलेला तो अखेरचा दिवस कदाचित पलीकडे नेता आला असता.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले, साठाहून अधिक, लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लिहावाचावयाचे शिक्षण जेमतेम मिळाले तिने नवऱ्याच्या ओवीला आपली ओवी जोडीत त्याचे महाकाव्य पुरे केले. काव्यगुणांत तिचे अध्याय टिळकांच्या अध्यायांच्या बरोबरीचे नाहीत, असे मत आहे, आणि ओवीमागून ओवी लावून पाहिले तर ते खोडता येणार नाही. टिळकांची ओवी उंच जाते. लक्ष्मीबाईंची भुईवरून चालते. पण आपण येथवर जो प्रश्न विचारीत आलो त्याच्या दृष्टीने पाहणारा वाचक त्या अध्यायांकडे निराळ्या कुतूहलाने जाईल. 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १९३६ सालीच गेल्या होत्या.