गळा, गज आणि घराणं

इंग्लंडच्या लोकसंगीतात गाणाऱ्यांची वानवा कधी नव्हती, फिडलवाल्यांची होती. आयर्लंड-स्कॉटलंडात फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, परंपरा पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आली, इंग्लंडात ती जागोजागी विरली. 1960च्या दशकातलं लोकगीतांचं पुनरुज्जीवनही मुख्यतः गळ्याच्या आणि गिटारच्या बळावर झालं. हल शहरातल्या ‘वॉटरसन्स’ या गायकगटाचा ‘फ्रॉस्ट अँड फायर’ (1965) हा अल्बम वाद्यांवाचूनच उभा आहे. पुढे डेव्ह स्वारब्रिकने फिडलला मान मिळवून दिला, पण त्याच्या जोडीने गाणारा गळा बहुधा दुसऱ्या कुणाचा असे.

एलायझा कार्थीचं महत्त्व इथे आहे. जन्म 1975चा. आई नॉर्मा वॉटरसन, वडील गायक-गिटारवादक मार्टिन कार्थी, म्हणजे स्वारब्रिकचा जोडीदार. गाणं घरातच होतं. वारशाचा हा तपशील समीक्षकांना इतका आवडतो, की ती नेमकं करते काय, हे सांगायचं राहूनच जातं.

ती गाता गाता फिडल वाजवते. ऐकायला सोपं वाटतं. पण हनुवटीखाली वाद्य दाबलं की जबडा अडतो, म्हणून गाणाऱ्याला ते सैल किंवा खाली धरावं लागतं. शिवाय श्वास जिथे संपतो तिथेच गजाचा फेरा संपेल असं नाही. सुरामागे सूर वाजवत राहिलं तर फिडल नुसती सावली होते. एलायझा तसं करत नाही. तिचा गज लय ठोकतो, दोन तारा एकदम छेडतो आणि चालीला खालून धक्के देतो; वर आवाज भरदार, किंचित खरखरीत, यॉर्कशरचे उच्चार न लपवणारा. ‘गोड’ म्हणावा असा तो नाही, आणि हे बरंच आहे.

‘रेड राइस’ (1998) या जोड-अल्बमने तिला ब्रिटनमधल्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत नेलं. ‘रेड’ या तबकडीवर नवे ठेके, ‘राइस’वर पारंपरिक बाज. बोलबाला झाला तो केस रंगवलेल्या तरुणीच्या बंडाचा. आज ऐकताना ठेक्यांवर त्या दशकाची धूळ दिसते. ‘राइस’ मात्र ताजा वाटतो. त्यानंतर मोठ्या कंपनीसाठी केलेला ‘एंजल्स अँड सिगरेट्स’ (2000) स्वतःच्या गाण्यांचा. धाडस होतं, पण फिडल मागे सरली आणि आवाजाची धारही बोथटली. ‘अँग्लिकाना’त (2002) ती पुन्हा पारंपरिक गीतांकडे वळली. बीबीसीच्या लोकसंगीत पुरस्कारांत तिला सर्वोत्तम गायकाचा मान मिळाला आणि मर्क्युरीच्या यादीतही ती परतली. म्हणजे बंडापेक्षा मुरलेपणाचं कौतुक झालं, पण ते व्हायला आधी बंड गाजावं लागलं.

तिच्यामागून वाट रुंदावली. सेथ लेकमन गात-वाजवत 2005मध्ये मर्क्युरीच्या यादीत पोचला. बेलोहेडच्या जॉन बोडेनने फिडल हाती घेऊनच मोठा वाद्यवृंद पुढे नेला. न्यूकॅसल विद्यापीठात तर 2001मध्ये लोकसंगीताची पदवी सुरू झाली. त्यामुळे हात तयार झाले, सफाई वाढली. पण बीबीसीचे ते पुरस्कार 2019नंतर झाले नाहीत, आणि मोठ्या वर्तुळात नाव पोचवणारी एक वाट बंद झाली. आजच्या तरुण वादकांत तयारी एलायझापेक्षा कमी नाही. त्यांच्या गाण्याला मात्र फिडलच्या सफाईची सवय फार लागली आहे. शब्द जिथे अडखळायला हवा, तिथेही तो गुळगुळीत निसटतो.