'सब्लेट' : एक क्रियापद, दोन दर्शनं

आज एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलू. 'सब्लेट'. घरात पोटभाडेकरू ठेवतात ते 'सबलेट' नव्हे बरं का. हे क्रियापद इंग्रज माणूस बाजारात काय, घरातही वापरत नाही. ते जगतं तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत.

मूळ लॅटिन. 'टॉलेरे' म्हणजे उचलणे, काढून टाकणे. 'मोडस टॉलेन्स'मधलं तेच हे. त्याचं भूतकाळी रूप 'सब्लाटुस', त्यावरून 'सब्लेट'. विल्यम हॅमिल्टन तर्कशास्त्रात ते साध्या 'नाकारणे' या अर्थी वापरीत. पुढे हेगेलच्या 'आउफहेबेन'ला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा अनुवादकांनी यालाच कामाला जुंपलं. 'आउफहेबेन' मात्र जर्मन माणसाच्या रोजच्या तोंडचं. पडलेली वस्तू उचलणे, कायदा रद्द करणे, वस्तू जपून ठेवणे, तिन्हीला तोच शब्द. आपल्याकडे आई म्हणते, 'तो पसारा उचलून ठेव.' पसारा उचलला जातो, समोरून नाहीसा होतो, आणि कपाटात शाबूत राहतो. हेगेल समजायला हे वाक्य आम्हाला 'सब्लेट'पेक्षा जास्त उपयोगी वाटतं! तरी हेगेलपुरती आमची तक्रार नाही. शब्द रिकामा होता, त्यांनी त्यात अर्थ भरला.

तक्रार पुढची आहे. अद्वैत वेदान्तावरच्या इंग्रजी ग्रंथांत 'बाध' या संज्ञेलाही हेच क्रियापद लावतात. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, दोरी कळली. साप 'सब्लेट' झाला म्हणे. आता हेगेलचा वाचक काय समजेल? साप वरच्या पायरीवर कुठेतरी जपला गेला! बाधाचं म्हणणं तर नेमकं उलट आहे. साप आधीही नव्हता, दिसत होता तेव्हाही नव्हता, पुढेही नाही. हा तिन्ही काळांचा निषेध आहे. 'वेदान्तपरिभाषा' तर बाध आणि निवृत्ती यांतही फरक करते. मुसळ मारून घडा फोडला तर घडा गेला, पण तो होता हे खोटं ठरत नाही.

कुणी म्हणेल, मृगजळ खोटं कळल्यावरही दिसत राहतंच की, मग काहीतरी उरलंच ना? उरतं ते दिसणं. पाण्याचा थेंबही उरत नाही. घागर घेऊन तिकडे कोणी जात नाही.

एलियट डॉइच यांना ही अडचण दिसली असावी. 1969च्या आपल्या अद्वैतावरच्या पुस्तकात त्यांनी बाधासाठी 'सब्रेशन' असा वेगळा शब्द योजला. हेतू चांगला, पण एका अक्षराचा फरक, वाचणाऱ्याला मुद्रणदोषच वाटायचा! त्यापेक्षा इंग्रजीतही सरळ 'बाध' लिहावं. 'कर्म' चालतं, 'योग' चालतो, मग बाधाने काय घोडं मारलंय?

अर्थात मराठीत लिहिणाऱ्यांनी फार हसू नये. आपल्याकडे हल्ली 'बाधित' म्हणजे पूरबाधित, कोरोनाबाधित. वर्गात 'ब्रह्म अबाधित आहे' म्हटलं की मुलं समजतात, त्याला काही इजा झालेली नाही. अर्थ एवढाच की ते खोटं ठरवील असं दुसरं ज्ञान कधी उगवत नाही. आणि हेगेलचा 'परम' तर सगळं खोडून, सगळं पोटात घेऊनच तिथवर पोचलेला असतो. या दोघांना एका क्रियापदात बसवून 'शंकराचार्य आणि हेगेल यांचं साम्य' असे प्रबंध लिहिले, तर त्यातलं निम्मं साम्य अनुवादकाच्या टेबलावर तयार झालेलं असेल.