‘डॅक्स’ तो, ती की ते?

एलन मार्कमन यांच्या ‘कॅटेगरायझेशन अँड नेमिंग इन चिल्ड्रन’ (१९८९) या पुस्तकात मला सर्वांत आवडला तो एक साधा प्रयोग. मुलाला गायीचं चित्र दाखवायचं आणि पुढ्यात दूध व डुक्कर ठेवायचं. ‘अशीच आणखी एक वस्तू शोध’ म्हटलं, की मूल बऱ्याचदा दूध उचलतं. पण गायीला ‘डॅक्स’ असं बनावट नाव देऊन ‘आणखी एक डॅक्स शोध’ म्हटलं, की हात डुकराकडे वळतो. एका शब्दासरशी! मशीनला असे गट शिकवायला आम्ही इंजिनिअर हजारो फोटोंना लेबलं चिकटवतो.

तक्रार एकच. पुस्तकातलं मूल इंग्रजी बोलतं, तिथे नाम लिंगाशिवाय येतं. मराठीत ‘हा’, ‘ही’ की ‘हे डॅक्स’, हे ठरवल्याशिवाय प्रयोगाचं पहिलं वाक्यच बोलता येत नाही. शिवाय गाय ‘ती’, पण दूध ‘ते’ आणि डुक्करही ‘ते’. तो पाट, ती खुर्ची, ते स्टूल: तिन्हींवर बसायचंच, तरी व्याकरणाचे कप्पे तीन. आपलं मूल एकाच शब्दातून दोन वर्गवाऱ्या शिकतं. मार्कमन यांच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा मला तिथे दिसते.