फिरून त्याच वेशीपाशी

मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ झाली, पायी प्रवासाची त्या मानाने थोडी झाली. आणि सकाळी ज्या वेशीतून निघालो त्याच वेशीत सायंकाळी परतलो, अशा साध्या फेरीचे वर्णन तर शोधूनही क्वचितच हाती लागते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे अर्धे आयुष्य दौऱ्यात गेले आहे, म्हणून ही उणीव त्यांच्यापुढे मांडणे अस्थानी होणार नाही. ‘दौरा’ हा शब्दच मुळी वर्तुळाचा आहे. अरबीतून फारसीच्या मार्गाने तो आपल्या कचेरीत आला आणि येताना ‘फेरा’ हा आपला अर्थ बरोबर घेऊन आला. पुढे घोडे व राहुट्या गेल्या, मोटारी आल्या, आणि दौरा म्हणजे एका विश्रामगृहातून दुसऱ्या विश्रामगृहात पोहोचणे एवढेच उरले. प्रवासवर्णनाचेही नेमके हेच झाले, असे आम्हांस वाटते.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आम्ही नुकताच पुन्हा वाचला. सत्तावन्नच्या धामधुमीचा दस्तऐवज म्हणून त्याची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. परंतु त्या पुस्तकाचा घाट वर्तुळाचा आहे ह्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. पेणनजीकच्या वरसईहून कर्जाच्या ओझ्याने घराबाहेर पडलेला भिक्षुक ग्वाल्हेर, झाशी, काशी करून परत वरसईस येतो. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेलेले असते. हाती उरते ती गंगेची कावड, आणि तिच्या पाण्याने तो आईबापांना स्नान घालतो. १८८३ साली लिहिलेला हा मजकूर चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये आपल्या हाताने बराच सारखा करून छापला. दत्तो वामन पोतदारांनी मूळ बाड १९६६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यांच्या सफाईखाली काय काय दबले होते ते दिसले. मूळ गोडसे भटजी रस्ता, मुक्काम, शिधा, पाऊस ह्यांच्या हिशेबात रमतात. जाणारा माणूस आणि परतलेला माणूस ह्यांत जो फरक पडतो, तो ह्या हिशेबातूनच वाचकाला कळतो.

इरावतीबाई कर्व्यांच्या ‘वाटचाल’ ह्या लेखाचे मोल वेगळे आहे. पंढरीच्या वाटेवर बाई दिंडीबरोबर चालल्या आणि एकाच दिंडीत जातीजातींच्या पंक्ती निरनिराळ्या बसतात हे पाहून व्यथित झाल्या. चालता चालता हे त्यांना दिसले. मोटारीतून दिसले नसते. मात्र वारीला पंढरपूर आहे. लेखकाने काही न पाहिले तरी शेवटी विठोबा त्याच्या लेखाला अर्थ देतो. नुसत्या फेरीला असा विठोबा नसतो. तिच्या शेवटी आपलेच दार असते, म्हणून वाटेत जे पाहिले त्याखेरीज लेखकापाशी दुसरे भांडवल नाही. हा प्रकार मराठीत रुजला नाही, त्याचे कारण आम्हांस येथे दिसते.

राजस्थानावरचे मराठी लेखन ह्या दृष्टीने वाचावे. दिवाळी अंकांतून व रविवारच्या पुरवण्यांतून ते अजूनही येत असते. आमेरच्या चढावर हत्ती येतो, शीशमहालात काडी पेटवली जात असल्याची आठवण येते, लहरिया येतो, दाल-बाटी येते. मग एक परिच्छेद मिर्झाराजांना आणि पुरंदरच्या तहाला देऊन लेखक रात्रीची गाडी पकडतो. हे सारे खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मराठी पाहुणा आमेरात आमेर पाहतच नाही. १६६५ साल तेवढे पाहतो. रामसिंहाच्या पदरच्या परकालदासाने आग्र्याहून कल्याणदासास जी पत्रे लिहिली, त्यांत शिवाजीमहाराज दरबारात आले तेव्हा दिसायला कसे होते, लोक त्यांच्याविषयी काय बोलत होते, हे राजस्थानी भाषेत नोंदलेले आहे. आपल्या राजाचे इतके जवळून केलेले वर्णन ह्या मुलखातील एका कारकुनाने आपल्याला दिले. आमेरवरच्या किती मराठी लेखांत त्या कारकुनाचे नाव येते?

गेल्या माघात आम्ही तिघांनी एका रविवारी ही फेरी प्रत्यक्ष केली. ब्रह्मपुरीतून निघालो. गढ गणेशाच्या पायऱ्यांकडे न वळता जुन्या फरसबंदीच्या नागमोडी वाटेने नाहरगडावर चढलो. तेथून डोंगराच्या माथ्यामाथ्याने जयगड, मग आमेरच्या बाजूचा उतार, आमेरचा बाजार, आणि दिवस कलता जलमहालाच्या काठाकाठाने पुन्हा शहरात. डोंगर सबंध वेळ उजव्या हाताला राहतो, म्हणजे ही फेरी आपोआपच प्रदक्षिणा होते. आमच्यातील एकाने विचारले, ‘प्रदक्षिणा खरी, पण कोणाला?’ नाहरगडावरून खाली पाहिले तेव्हा उत्तर मिळाले. खाली दरीत गैटोरच्या संगमरवरी छत्र्या दिसतात. जयपूर वसवणारा सवाई जयसिंह तेथे आहे. हवामहाल बांधणारा व १७८७ मध्ये तुंग्याच्या रणात महादजी शिंद्यांना अडवणारा प्रतापसिंह तेथे आहे. नाही तो ईश्वरीसिंह. त्याची छत्री शहरात, राजवाड्याच्या आवारात आहे. त्याने १७४९ मध्ये उभारलेला ईसरलाट हा उंच मनोरा मात्र गडावरून घरांच्या गर्दीत सहज ओळखू येतो.

मराठी लेखक नेमका येथे नजर चुकवतो. ईश्वरीसिंह मेला तो आपल्यामुळे. खंडणीच्या थकबाकीसाठी मल्हारराव होळकर फौजेसह जवळ येऊन ठेपले, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये त्याने विष घेतले. पुढच्याच महिन्यात, जयाप्पा शिंदेही येऊन मिळाल्यावर, छावणीतील हजारो मराठे नवे शहर पाहावे, देवळे पाहावीत, बाजारहाट करावा म्हणून आत शिरले. त्या शहराला तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. दुपारी नगर उठले आणि रात्रीपर्यंत कत्तल चालली. इतिहासाच्या पुस्तकांत हे आहे. प्रवासवर्णनांत मात्र ते आम्हांस कोठे आढळले नाही. त्या दिवशी जौहरी बाजारातून हिंडणारी ती माणसे जयपूर पाहायला आलेले आपले पहिले मोठे प्रवासी मंडळच म्हणायचे, आणि त्यांचा फेरा पुरा झाला नाही. त्यांतील कोणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर त्या कशा असत्या, हा विचार नाहरगडाच्या तटावर बसून शिदोरी सोडताना मनातून जाईना.

पापाचा कबुलीजबाब लिहावा, अशी लेखकाकडे आमची मागणी नाही. तसे लेखन हल्ली सोपे झाले आहे, आणि सोपे झाल्यामुळे निःसत्त्वही. आमची मागणी एवढीच की, फेरीच्या वाटेवर जे लागते ते गाळू नये. ज्या ब्रह्मपुरीतून आम्ही निघालो तेथेच रत्नाकर पौंडरीकांची हवेली आहे. जयसिंहाच्या आश्रयाने ‘जयसिंहकल्पद्रुम’ रचणारा हा महाराष्ट्रीय पंडित. त्याच राजाच्या वेधशाळेच्या उद्योगात सम्राट जगन्नाथ हा दुसरा महाराष्ट्रीय होता. त्याने युक्लिडाची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. म्हणजे एकाच पन्नास वर्षांत आपण ह्या शहरात पोथी घेऊन आलो आणि तलवार घेऊनही आलो. नुसती पोथी सांगणारे लेख आम्ही येथील मंडळांच्या स्मरणिकांत वाचले आहेत, आणि ते वाचताना संकोच वाटला आहे.

आमेरचा बाजार प्रवासी पाहतात तो गडाच्या पायथ्याचा. त्यात बाहुल्या व मोजड्या. आम्ही बसलो तो आतला, जगत शिरोमणीच्या देवळापलीकडचा. कूकसच्या बाजूच्या गावांतून आलेल्या बायका भाजी मांडून बसल्या होत्या. एकजण दोरखंड विकत होता, एकजण चाळण्या. तिळाच्या वड्या घेताना दुकानदार म्हाताऱ्याने आमची बोली ऐकून गाव विचारले. आम्ही जयपूर सांगितले. तो हसला व म्हणाला, ते राहण्याचे गाव झाले. आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थ एकोणीस वर्षे ह्या राज्याच्या सेवेत आहेत. त्यांनी सातारा जिल्ह्यातील आपल्या गावाचे नाव सांगितले. म्हाताऱ्याला ते समजले नाही. मग त्यांनी नुसते ‘दख्खन’ म्हटले, तेव्हा त्याने मान डोलावली आणि वड्यांत आणखी दोन टाकल्या. घरी येऊन ह्या प्रसंगावर आम्ही लिहायला बसलो, तर पहिल्या खर्ड्यात म्हातारा भलताच गोड झाला होता आणि आम्ही त्याहून गोड. खर्डा फाडला. प्रवासलेखकाचा मोठा शत्रू हा गोडवाच आहे. गोडसे भटजींच्या मूळ बाडात तो जवळजवळ नाही.

गडावरून सकाळी पाहिलेले शहर आणि सायंकाळी जोरावरसिंह दरवाज्यातून शिरलेले शहर ह्यांत काय फरक पडला, हे सांगता येणे हीच अशा लेखनाची कसोटी आम्ही मानतो. सकाळी आम्हांला सरळ रस्त्यांचे चौकोन दिसले होते. रात्री त्याच चौकोनांतून चालताना दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या ओळी व वरचे सज्जे पाहिले, आणि त्या जानेवारीत पळून जायला वाट कोणती होती हा प्रश्न पावलापावलाला पडला. हे आम्हांला नीट लिहिता आलेले नाही. ज्याला येईल त्याने लिहावे.

शहराच्या पूर्वेची, सूरजपोलातून गलत्याकडे चढणारी फेरी अजून राहिली आहे. गलत्याच्या रामानंदी परंपरेतील नाभादासांनी ‘भक्तमाल’ रचली, आणि ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ पुरा करताना त्या नाभाजींचे ऋण मान्य केले. जयपुरातील कत्तलीनंतर अकरा वर्षांनी. तिकडे कोणी येणार असेल तर होळीच्या आत यावे. पुढे ऊन सोसत नाही.