स्वस्त वाटेचे पुस्तक

टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण दांपत्य १९७२ साली लंडनहून एका जुन्या मोटारीने निघाले. काबूलमध्ये ती विकून, मिळेल त्या वाहनाने ते सिडनीस पोहोचले, तेव्हा दोघांपाशी मिळून अवघे २७ सेंट उरले होते. ‘हे कसे जमवले?’ असे जो तो विचारू लागला, म्हणून १९७३ साली ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही छोटीशी पुस्तिका त्यांनी स्वतःच काढली. ‘लोन्ली प्लॅनेट’चा सारा पसारा तिच्यातून वाढला.

निवेदन रोखठोक; पाल्हाळाला एवढ्या पानांत जागाच नाही. आमच्या मराठी प्रवासवर्णनकारांनी, विशेषतः विमानतळावरच दोन प्रकरणे खर्ची घालणाऱ्यांनी, हा गुण जरूर घ्यावा. परंतु शीर्षकातला ‘स्वस्त’ हा शब्द आम्हांस खुपतो. पाहुण्याला जे स्वस्त पडते, ते बहुधा यजमानाच्या गरिबीमुळेच. हा खर्च हिशेबाच्या कोणत्या रकान्यात मांडायचा?

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि ती वाटच बंद पडली. मार्गदर्शिका म्हणून निरुपयोगी ठरलेली ही पाने आता इतिहास म्हणून वाचावी लागतात. आम्हांस ती तशीच अधिक भावली.