सोळा विसे आणि चौघे

लिंगोची गोंडी कथा कागदावर उतरली ती नागपूरकडच्या एका परधान भाटाच्या तोंडून. ती लिहून घेणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. गोंडांच्या मुळाविषयी इतकं जुनं आणि इतकं सलग लिखित दुसरं क्वचितच सापडेल. ब्रह्मपुरीसारख्या गावात बसून ते वाचावं असं मला फार वाटतं.

कारण ही कथा इथल्या मातीतली आहे. महादेवानं गोंडांना गुहेत कोंडलंय. चौघे तेवढे निसटतात आणि रानोमाळ भटकतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो, झाडं तोडून शेत करायला आणि धान पेरायला शिकवतो. धान वर येतं आणि रोह्यांचा कळप ते फस्त करतो. नागभीड-सिंदेवाहीकडच्या धानकऱ्याला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. पुढे शिकार होते, ती भाजायला विस्तव हवा, आणि विस्तव आहे म्हाताऱ्या राक्षसाकडे, रिकाड गवाडीकडे. लिंगो त्याच्याशी लढत नाही. भोपळ्याचं वाद्य छेडतो आणि म्हातारा नाचू लागतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला आज जी कथा सांगतात तिची मांडणी वेगळी आहे, पण तिथेही गुहेच्या तोंडावरचा दगड हलतो तो हिरासुका नावाच्या वादकाच्या वाद्यामुळेच.

मला थांबावंसं वाटतं ते कथेच्या मध्यावर. ज्यांना शेत दिलं, विस्तव दिला, तेच चौघे लिंगोला मारून टाकतात. तो पुन्हा जिवंत होतो. कुठलीही दुसरी कथा इथे सूडाकडे वळली असती. लिंगो मात्र ज्यांना त्यानं कधी पाहिलंही नाही त्या कोंडलेल्या सोळा विसे, म्हणजे तीनशे वीस, गोंडांचा शोध घेत निघतो. महादेव अट घालतो, समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिलं आण. लिंगो पिलांना गिळणाऱ्या सापाला मारतो आणि पक्ष्यांच्याच पंखांवरून परततो. गुहा उघडते. वाटेत नदीला पूर आलेला असतो. मागे राहिलेल्यांना मगर पाठीवर घेते आणि भर पाण्यात दगा देते, कासव त्यांना तारतं. काठावर पोचल्यावरच लिंगो लोकांची कुळं पाडतो, देव ठरवून देतो.

म्हणजे नाती ठरतात ती पूर ओलांडल्यावर. आणि ठरवणारा कोण, तर ज्याचं तिथल्या एकाशीही रक्ताचं नातं नाही असा, फुलातून आलेला. मूळपुरुषाची कथा सांगायला बसलेल्या परधानानं वंशावळ सांगितलीच नाही, त्यानं सोबत सांगितली. हे मला या कथेचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

२०१७ साली ज्ञानेश्वर चौबे, कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूरदूरच्या चार गोंड गटांचे नमुने त्यांनी तपासले. गोंडी ही द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. तेव्हा जनुकंही तिकडेच झुकतील असं कुणालाही वाटेल. निघालं वेगळंच. गोंडांच्या वारशाचा मोठा भाग मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांशी जुळतो; आपल्या मेळघाटातली कोरकू याच भाषाकुळातली. चारही गट मात्र एकाच मुळाचे, थोडेफार अलग पडलेले. कथेनं हे आधीच ओळखलं होतं असा दावा मी करणार नाही. कथेचं काम ते नव्हे. पण भाषा आणि रक्त वेगवेगळ्या वाटांनी येऊनही माणसं एक होऊ शकतात, हे कळल्यावर सोळा विसे आणि चौघे यांच्याकडे मी नव्या नजरेनं पाहू लागलो.

याच्या उलट, मूळ एक असूनही माणसं वेगळी पडतात, त्याचं पूर्व आफ्रिकेतलं एक उदाहरण शेजारी ठेवतो. नैऋत्य इथिओपियातल्या मोटा गुहेत सापडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा जनुकसंच २०१५ साली वाचला गेला. आजच्या लोकांत त्याला सर्वांत जवळचे निघाले तिथलेच आरी. या आरींमध्ये लोहार आणि शेतकरी असे वेगवेगळे वर्ग. लोहारांना खालचं स्थान, त्यांच्याशी सोयरीक नाही. लोहार हे मुळातच निराळे लोक असावेत, असा एक जुना तर्क होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दोघांचं मूळ एकच निघालं. जनुकांत दिसणारा फरक सोयरीक तोडल्यानं, वेगळं पाडल्यानं आला होता.

आता लिंगोनं पाडलेल्या वाटण्या पुन्हा पाहा. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. वरवर पाहता हीही विभागणीच. पण नियम असा की एका सगातली, म्हणजे एका वाटणीतली, सारी भावंडं, त्यांच्यात लग्न नाही. मुलगी द्यायची तर दुसऱ्या सगातच द्यायची. आरींच्या वाटण्यांनी सोयरीक बंद केली, लिंगोच्या वाटण्यांनी ती सक्तीची केली. मांडव घालायचा असेल तर सहा देव्यांना आपल्या घराबाहेर, सात देव्यांच्या किंवा आणखी दुसऱ्या कुणाच्या दारी जावंच लागतं.